उशिराचं खरं कारण

चंपा ओव्हाळला स्वारगेट ते वाघोली हा रस्ता तोंडपाठ होता, पण इतर कंडक्टरांसारखा नव्हे. इतरांना थांबे पाठ असतात, चंपाला संडास पाठ होते. स्टेशनापर्यंत चिंता नाही. तिथलं शौचालय पहाटे पाचला उघडतं आणि तिथली बाई चंपाची खाकी साडी पाहिली की तिला रांगेतून पुढे घेते. नदी ओलांडून येरवड्यात शिरलं की एक पेट्रोल पंप आहे, पण संडासाची चावी मॅनेजरच्या खिशात आणि मॅनेजर कायम चहाला गेलेला. त्याच्यापुढे एक सार्वजनिक शौचालय आहे. त्याची कोनशिला मोठी आणि कुलूप त्याहून मोठं. खराडीत एक मंगल कार्यालय लागतं, तिथला वॉचमन नागोराव भला माणूस. तो काही न विचारता मागचं दार उघडतो. आणि वाघोलीला, जिथे बस वळते, तिथे कंट्रोलरची पत्र्याची टपरी, एक कडुनिंब आणि पुरुषांसाठी त्या कडुनिंबामागची भिंत. बायकांसाठी काही नाही. बायकांनी काय करायचं असं कुणी विचारलं, तर उत्तर तयार असे: घरून जाऊन यायचं.

चंपा घरून जाऊनच येत असे. एकदा नव्हे, तीनदा. तरीही चौथ्यांदा कधी जावं लागेल ते तिच्या हातात नव्हतं. ज्यांचं पोट घड्याळासारखं चालतं त्यांना हे कळायचं नाही, आणि त्यांनी सल्ला देऊ नये एवढीच तिची माफक अपेक्षा होती.

सहा वर्षांपूर्वी ती जुलाबानं चार दिवस आजारी पडली. बरी झाली, कामावर गेली, पण पोट काही पूर्वीसारखं वागेना. सकाळी उठलं की कळ यायची. जाऊन आलं की दहा मिनिटांत पुन्हा. मग दोन दिवस काहीच नाही, पोट फुगून साडीची गाठ सैल करायची वेळ, आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा पळापळ. रक्त तपासलं, शौच तपासलं, सोनोग्राफी झाली, दुर्बीणही घालून झाली. सगळं नॉर्मल. हा शब्द ऐकून माणसाला आनंद व्हावा, पण चंपाला रडू आलं. कारण त्या दिवसापासून तिचं दुखणं ढोंग ठरलं. "रिपोर्ट तर नॉर्मल आहेत म्हणे," असं नणंद दर रविवारी फोनवर म्हणायची. पुण्यात दर दुसरा माणूस वैद्य असतो आणि पहिला माणूस त्या वैद्याचा गुरू असतो, तेव्हा उपायांना काही तोटा नव्हता. ओवा, त्रिफळा, बेलाचा मुरंबा, ताक, ताक बंद, लसूण, लसूण बंद. डेपोतल्या एकाने तर "विचार करू नका" असं औषध सांगितलं. चंपाने त्याला विचारलं, "तुम्ही हेच औषध लहानपणापासून घेताय का?"

शेवटी गाठ पडली डॉक्टर शेफालीशी. वयानं चंपाच्या मुलीपेक्षा जेमतेम दहा वर्षांनी मोठी, पण तिने पहिल्यांदा पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ताई, तुमचं आतडं दिसायला ठणठणीत आहे, वागायला नाही. याला आयबीएस म्हणतात. हे ढोंग नाही. यानं जीव जात नाही, पण जगणं जातं, आणि ते आपण जाऊ द्यायचं नाही. एक गोळी घेतली आणि मिटलं, असं होणार नाही. वही ठेवा. काय खाल्लं, कधी गेलात, त्या दिवशी डोक्यात काय होतं, सगळं लिहा."

चंपाने वही ठेवली. मैत्रीची, म्हणजे तिच्या मुलीची, बारावीची निम्मी कोरी राहिलेली वही होती. दोन महिन्यांत त्या वहीनं जेवढं सांगितलं, तेवढं सहा वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. कच्चा कांदा हा शत्रू. छोले आणि राजमा हे त्याचे सख्खे भाऊ. उपाशीपोटी दुधाचा चहा घेतला की स्टेशनसुद्धा लांब वाटायचं. चपातीपेक्षा ज्वारीची भाकरी सोसत होती. तिचा नवरा रामदास लिफ्ट दुरुस्त करायचा, बोलणं कमी आणि हात बारीक कामाचा; त्यानं फोडणीतून लसणाच्या पाकळ्या तेवढ्या चिमट्यानं काढायचं काम स्वतःहून अंगावर घेतलं. पूर्वी ड्युटीच्या दिवशी ती भीतीनं दुपारपर्यंत काहीच खात नसे. ते वहीत वाचून डॉक्टरीणबाई रागावल्या. उपाशी राहून पोट शांत होत नाही, ते जास्त चवताळतं. मग चंपा पहाटे पावणेचारला उठू लागली, कोमट पाणी, थोडं चालणं, मग निवांत बसणं, घाई नाही. मैत्रीनं तिला श्वास घ्यायला शिकवलं. "आई, सिंपल आहे गं. चार मोजून आत, सहा मोजून बाहेर. कुणाला कळत पण नाही." येरवडा ते रामवाडी या अंतरात, वरच्या दांडीला धरून, सुटे पैसे मोजता मोजता चंपा श्वासही मोजत असे.

पण वहीत सगळ्यात जास्त वेळा आलेला शब्द कांदा नव्हता. भीती होता. नागोराव रजेवर आहे असं कळलं, की त्या दिवशी खराडीच्या अलीकडेच कळ यायची. संडास जवळ आहे हे माहीत असलं की पोट गप्प, आणि नाही हे कळलं की सुरू. ज्या दिवशी तिला हे उमगलं, त्या दिवशी तिने ठरवलं की हे दुखणं आता लपवायचं नाही. लपवण्यातच निम्मं दुखणं आहे.

पहिल्यांदा तिने आपल्या ड्रायव्हरला सांगितलं. कोंडीराम वाघोलीचाच, शेती गेली आणि हातात स्टिअरिंग आलं अशा पिढीतला. तिने विषय काढला तसा तो समोर बघत बसला, कानाच्या पाळ्या लाल. मग म्हणाला, "ताई, यात लाजायचं काय हाय? म्हशीला आली तर म्हस थांबती, माणसानं का थांबू नये? तुम्ही तीनदा घंटी द्या, म्या गाडी बाजूला घेतो." एक घंटी म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला, आणि तीन म्हणजे ताईला जायचंय. हा तिसरा नियम त्या बसपुरता होता.

आता उशिराची गोष्ट. प्रत्येक फेरीनंतर कंडक्टरला लॉगशीट भरून कंट्रोलरकडे द्यावं लागतं. त्यात एक रकाना असतो, उशिराचं कारण. आणि त्या रकान्यात सगळे कंडक्टर वर्षानुवर्षं एकच गोष्ट लिहीत आलेले. वा. कों., म्हणजे वाहतूक कोंडी. टायर बसला, वा. कों. ड्रायव्हरचा चहा लांबला, वा. कों. लग्नाची वरात आडवी आली, वा. कों., आणि तिथे निदान ते खरं तरी होतं. एकदा चंदननगरला बसमध्येच एक बाई बाळंत झाली, सगळ्या बसनं बारसं करायचं तेवढं बाकी ठेवलं, आणि त्या दिवशीच्या लॉगशीटवरही वा. कों. वाघोलीला जाणाऱ्या नगर रस्त्याला कोंडी असतेच, त्यामुळे कुणी विचारायला जात नसे. चंपानेही अकरा वर्षं हेच लिहिलं. आपण खोटं लिहितोय असं तिला कधी वाटलं नाही. ती एक रीत होती.

यंदाच्या फेब्रुवारीत, एका मंगळवारी सकाळी नऊच्या सुमाराला, खराडीजवळ तिने तीन घंट्या दिल्या. बस खच्चून भरलेली. कोंडीरामनं गाडी बाजूला घेतली, चंपा उतरली, मंगल कार्यालयाच्या मागच्या दारानं गेली. परत आली तेव्हा दाराशी एक तरुण मोबाईल उंच धरून उभा होता. गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र, आवाज सगळ्या बसला ऐकू जाईल असा. "गाईज, सात मिनिटं. सात. कंडक्टर मॅडम गायब, आणि ह्या आता येतायत. मॅडम, शॉपिंग झाली का?"

चंपा पायरीवर उभी राहिली. पूर्वीची चंपा असती तर मान खाली घालून आत शिरली असती. ती म्हणाली, "संडासला गेले होते. तुम्ही जात नाही का?"

बस हसली. पुढच्या बाकावरची एक म्हातारी म्हणाली, "बरोबर विचारलंस बाई." पोराचा हात खाली आला. पण व्हिडिओ त्यानं टाकायचा तो टाकलाच, आणि तिचं उत्तर कापून टाकला. संध्याकाळपर्यंत तो शेकडो लोकांनी पाहिला. खाली लोकांनी जे लिहिलं ते मैत्रीनं आईला वाचू दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी बोलावणं आलं. वाहतूक विभागाचे साहेब विक्रम तुपे. माणूस वाईट नव्हता, आणि हेच कठीण असतं. वाईट माणसाशी भांडता येतं. तुपेसाहेबांनी तिला बसायला सांगितलं, पाणी मागवलं, आणि मग समजावणीच्या सुरात म्हणाले, "हे बघा ओव्हाळबाई, तुमची अडचण मला कळते. आपण दोन गोष्टी करू. खुलाशात लिहून द्या की वाहतूक कोंडी होती. मी फाईल बंद करतो. आणि उद्यापासून तुम्ही डेपोत हलक्या कामावर या. हरवलेल्या वस्तूंची खिडकी. बसून काम, शेजारी टॉयलेट. अजून काय पाहिजे?"

हलकं काम म्हणजे काय ते डेपोतल्या सगळ्यांना माहीत होतं. त्या खिडकीत गेलेला माणूस परत गाडीवर येत नाही. तिथे सोडून दिलेल्या छत्र्या असतात, एकेकटे हातमोजे असतात आणि त्यांच्यासारखीच माणसं असतात. चंपाला गाडी हवी होती. अकरा वर्षांपूर्वी पहिल्यांदा खाकी नेसून निघाली तेव्हा तिची आई घराजवळच्या चढावर शेवटपर्यंत बघत उभी होती. पहाटेच्या पहिल्या फेरीला बसणाऱ्या धुण्याभांड्याच्या बायका, वाघोलीची कॉलेजची पोरं, दर गुरुवारी खराडीला नातवाकडे जाणारे आजोबा, हे सगळे तिचे होते. पोट तिचं होतं म्हणून गाडी तिची नसावी, हा हिशेब तिला मान्य नव्हता.

"साहेब," ती म्हणाली, "वाघोलीला बायकांसाठी एक खोली बांधली, तर मला वाटेत थांबावं लागणार नाही."

तुपेसाहेबांनी कपाटातून जाडजूड फाईल काढली. "मलाही वाटतं बांधावी. पण वर मागणी पाठवायची तर कारण दाखवावं लागतं. हे बघा, त्या मार्गाची एवढ्या वर्षांची नोंद. बायकांना जावं लागलं म्हणून एक मिनिटसुद्धा उशीर झालेला नाही. सगळी वाहतूक कोंडी. कागदावर गरजच नाही, तर मागू कशी?"

त्यांनी फाईल तिच्यापुढे सरकवली. पानामागून पान वा. कों. त्यातली कितीतरी तिच्याच वळणदार अक्षरात. तिच्याच मार्गावरच्या जुन्या कंडक्टर आनंदीबाईंचं तिरकं अक्षर, तेही ओळखू आलं. बायकांनी पाणी प्यायचं सोडलं होतं, मुतखडे काढून घेतले होते, पेट्रोल पंपावर चावीसाठी विनवण्या केल्या होत्या, आणि कागदावर लिहिलं होतं की काही झालंच नाही. आपल्याच हातानं आपल्या पायावर धोंडा मारून घेतला होता, तोही रोज, सहीनिशी. चंपाला स्वतःचा इतका राग आला की पोटाची कळसुद्धा क्षणभर मागे पडली.

तिने तिथेच कागद मागून घेतला आणि खुलासा लिहिला. 'मंगळवारी सकाळी मी शौचास गेले होते. सात मिनिटे लागली. वाहतूक कोंडी नव्हती. रस्ता मोकळा होता.'

तुपेसाहेबांनी तो दोनदा वाचला. "असं लिहिलंत तर चौकशी लावावी लागेल. महिन्याभरानं. त्यात तुमचं म्हणणं टिकलं नाही, तर हलकं काम नक्की."

"लावा," चंपा म्हणाली.

त्या दिवसापासून तिने रकाना खरा भरायला सुरुवात केली. वाघोलीचा कंट्रोलर श्रीधर काळोखे शिस्तीचा माणूस. त्यानं पहिलं लॉगशीट वाचलं आणि चष्मा काढला. "अहो ओव्हाळबाई, असलं कागदावर लिहितात का? हा कागद साहेबांच्या टेबलावर जातो."

"मग साहेबांना कळेल."

त्यानं रेघ मारून वर वा. कों. लिहिलं. चंपानं त्याखाली पुन्हा लिहिलं, 'शौचास, ६ मिनिटे.' असं पाच दिवस चाललं. सहाव्या दिवशी श्रीधर म्हणाला, "लिहा. पोट तुमचं, अक्षर तुमचं, माझ्या पेनातली शाई का फुकट घालवू?"

पण एकटीच्या लिहिण्यानं काय होणार? उलट तुपेसाहेबांना दाखवायला बरं, की अडचण एकाच बाईची आहे. एका दुपारी कडुनिंबाखाली पाच-सहा जणी डबे उघडून बसल्या होत्या, तेव्हा चंपानं त्यांना फाईलची गोष्ट सांगितली आणि म्हणाली, "तुम्हीही खरं लिहा." दोघी तोंडाला पदर लावून हसल्या. एक म्हणाली, "माझा नवराच डेपोत आहे गं, सगळे त्याला चिडवतील." सगळ्यांनी मग आनंदीबाईंकडे पाहिलं. आनंदीबाई सर्वांत जुन्या, निवृत्तीला एक वर्ष उरलेलं. पहाटे चारला एक पेला पाणी प्यायच्या, ते थेट संध्याकाळी घरी गेल्यावर दुसरा. वीस वर्षं. दोनदा मुतखडा झाला होता.

"कागदावर लघवी लिहू?" आनंदीबाई म्हणाल्या. "काही लाजलज्जा आहे की नाही?"

"लाज आपल्याला," चंपा ताडकन म्हणाली, "आणि ज्यांनी वीस वर्षं खोली बांधली नाही त्यांना नाही. तुमचे दोन खडे त्या रकान्यात लिहिले असते, तर मला आज ही वेळ आली नसती."

हे लागायला नको होतं तितकं लागलं. आनंदीबाईंनी डबा बंद केला आणि उठून गेल्या. त्यानंतर त्या चंपाशी बोलेनाशा झाल्या.

तो महिना वाईट गेला. भीती वाढली तसं पोट जास्त त्रास देऊ लागलं. भाकरी, श्वास, कोमट पाणी, सगळं पाळूनही दिवसाला चार वेळा. एका शुक्रवारी नागोराव गावाला गेलेला आणि मंगल कार्यालयाला कुलूप. चंपानं तीन घंट्या दिल्या, उतरली आणि समोर जे पहिलं दार दिसलं ते ठोठावलं. एका अनोळखी बाईनं दार उघडलं, हात पिठाचे. चंपा म्हणाली, "ताई, मी बसची कंडक्टर. मला संडासला जायचंय, गाडी थांबलीय." बाईनं तिच्याकडे पाहिलं, बाजूला झाली आणि बोटानं आतलं दार दाखवलं. परत निघताना तिने चंपाला पाणीही दिलं. त्या दिवशी रकान्यात गेलं, 'शौचास, ९ मिनिटे.'

त्या रात्री जेवताना रामदास म्हणाला, "घे ना ते हलकं काम. मला तू बरी हवीस."

चंपा त्याच्यावर रागावली नाही. त्यानं त्या दिवशीही आमटीतला लसूण वेचून काढला होता. ती म्हणाली, "मी बरी नाही, ते मला माहीत आहे. पण मी कामाची आहे. बरी नसलेल्या माणसानं कामाचं असू नये, असं कुठं लिहिलंय?"

मग मैत्री म्हणाली, "बाबा, ती घेणार नाहीये. लेट हर." रामदासनं आणखी एक पाकळी शोधायला वाटीत मान घातली.

चौकशीच्या दिवशी चंपा धुतलेली खाकी नेसून गेली. आत जाण्याआधी दोनदा जाऊन आली आणि त्याचं तिला काही वाटलं नाही. तुपेसाहेबांच्या बाजूला आणखी एक अधिकारी बसले होते, आणि टेबलाच्या कडेला श्रीधर, मांडीवर लॉगशीटांचा गठ्ठा. तो साहेबांनीच मागवला होता. या मार्गावर पंधरा कंडक्टर आहेत आणि ही तक्रार एकटीचीच आहे, एवढं त्यांना दाखवायचं होतं.

"वाचा," साहेब म्हणाले.

श्रीधरनं चष्मा चढवला. "ओव्हाळ, शौचास, ६ मिनिटे. ओव्हाळ, शौचास, ५ मिनिटे. ओव्हाळ, शौचास, ९ मिनिटे." दुसरे अधिकारी खिडकीबाहेर पाहू लागले. चंपा सरळ समोर पाहत होती. श्रीधरनं पान उलटलं, थांबला, आणि त्याच शिस्तीच्या आवाजात पुढे वाचलं. "आनंदीबाई. लघवीसाठी थांबले. ४ मिनिटे."

"काय?" तुपेसाहेब म्हणाले.

"आनंदीबाई, लघवी, ४ मिनिटे. आनंदीबाई, लघवी, ३ मिनिटे. त्याच दिवशी दुसऱ्या दोघी, ५ आणि ४. पुढच्या दिवशी पाच जणी." त्यानं आणखी एक पान काढलं. "हे ड्रायव्हर कोंडीरामनं ओव्हाळबाईंच्या सुट्टीच्या दिवशी स्वतः लिहून दिलंय. 'मला साखर हाय. लघवी. ३ मिंटं.' आणि पुढे असंच आहे, साहेब. शेवटचे अकरा दिवस."

चंपाला यातलं काहीही माहीत नव्हतं.

"तुम्ही हे खोडलं नाहीत?" दुसऱ्या अधिकाऱ्यांनी विचारलं.

"खोडायला घेतलं होतं," श्रीधर म्हणाला. "आनंदीबाई म्हणाल्या, खोडलंस तर उद्या तुझ्या टपरीसमोर बसते. त्या बसल्या असत्या, साहेब. मी त्यांना वीस वर्षं ओळखतो." मग त्यानं खिशातून एक चिठ्ठी काढून टेबलावर ठेवली. "मी बेरीजही केली आहे. अकरा दिवसांत तीन तास चौतीस मिनिटं. आणि नगर रस्त्याची कोंडी बरोबर तेवढीच कमी झाली."

तुपेसाहेबांनी पेन उचललं, ठेवलं. "हे मी वर काय म्हणून पाठवू?"

"जे आहे ते म्हणून," चंपा म्हणाली. "आणि मला खिडकी नको. मला माझी गाडी हवी. मला आठवड्यातून दोन-तीनदा थांबावं लागेल, आज, उद्या आणि पुढच्या वर्षीही. हे दुखणं जाणारं नाही. मीही जाणारी नाही."

साहेबांनी निर्णय दिला नाही. पुढील आदेश होईपर्यंत ओव्हाळ यांना मार्गावर ठेवावे, एवढं लिहिलं. चंपाला तेवढं पुरे होतं. ती गाडीवर होती.

मे महिन्यात वाघोलीला कडुनिंबाजवळ फायबरची एक हिरवी खोली आली. पाणी ड्रममधून घ्यावं लागतं, कडी घट्ट आहे, आणि चावी श्रीधरच्या टपरीत खिळ्याला, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. त्याच आठवड्यात नवी छापील लॉगशीटं आली. रकान्यात आता पर्याय होते: वाहतूक कोंडी, बिघाड, अपघात, नैसर्गिक कारण. नैसर्गिक कारण वाचून चंपा मोठ्यानं हसली. ऊन, वारा, भूकंप, असं काहीतरी वाटत होतं ते. तिने त्यावर रेघ मारली आणि बाजूला आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं, 'शौचास, ६ मिनिटे.' श्रीधरनं वाचलं आणि शिक्का मारला.

शेजारी आनंदीबाईंची बस सुटायची होती. चौकशीच्या दिवसापासून दोघींत पहिल्यासारखं बोलणं सुरू झालं होतं, पण झाल्या प्रकाराबद्दल कुणीच शब्द काढला नव्हता. आनंदीबाई टपरीपाशी आल्या, चंपाच्या पिशवीतली पाण्याची बाटली त्यांनी न विचारता उचलली आणि झाकण काढून पिऊ लागल्या. घोट-घोट नव्हे, घटाघटा, मान मागे टाकून, अर्ध्याहून जास्त. अजून सकाळचे दहाही वाजले नव्हते.

"आनंदीबाई," चंपा घाबरून म्हणाली, "एवढं पाणी? पुढे स्टेशनापर्यंत भरवशाचं काही नाहीये वाटेत."

आनंदीबाईंनी पदरानं हनुवटी पुसली, बाटली परत पिशवीत ठेवली आणि गाडीकडे निघाल्या.

"मग काय झालं?" त्या म्हणाल्या. "थांबेन, आणि लिहीन."